आवाज राहू दे, चित्र येऊ दे

अमरावतीच्या ज्या तंत्रनिकेतनात मी शिकवते, तिथे तिसऱ्या वर्षाला बिनतारी ब्रॉडबँडचा एक धडा आहे. तार न ओढता खेड्यापर्यंत इंटरनेट कसं न्यायचं, हा त्याचा विषय. त्यात एकाच घराण्यातली दोन प्रमाणकं शिकवावी लागतात: एक जागेवर बसलेल्या माणसासाठी, दुसरं फिरत्या माणसासाठी. दोन्ही बाजारातून केव्हाच गेली, पण अभ्यासक्रमातून त्यांना काढायला जी समिती बसावी लागते ती अजून बसलेली नाही. मी मात्र तो धडा नेटानं शिकवते. प्रमाणकांची नावं बदलली, आकडे वाढले, तरी मूळचं भांडण तेच आहे.

फळ्यावर मी दोन चित्रं काढते. पहिल्यात घर, घरावर खांब, खांबावर जेवणाच्या ताटाएवढी डिश. ती समोरच्या टॉवरकडे तोंड करून बसलेली. ती एकाच दिशेला बघते, म्हणून तिला कोसभर लांबचंही नीट ऐकू येतं. पण तिला जागेवरून हलवायचं नाही आणि मध्ये काही आणायचं नाही. दुसऱ्या चित्रात टॉवर, आणि त्याच्याखाली पसरलेली माणसं, मोटरसायकली, एखादी बैलगाडी. इथे फोनचा अँटेना चहूकडे थोडाथोडा बघतो, कारण टॉवर कोणत्या बाजूला येईल हे त्याला माहीत नसतं. माणूस कुठेही जाऊ शकतो. पण जेवढे लोक त्या टॉवरखाली येतील तेवढे वाटेकरी, आणि संध्याकाळी सगळं गाव वाटेकरी असतं.

चित्रं काढून झाली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मंग यातलं चांगलं कोनतं?" पूर्वी मी वैतागून म्हणायची, पेपरात दोन्ही लिहा, मार्क दोन्हीला आहेत. अलीकडे मला तेवढं चटकन उत्तर देता येत नाही. माझे बाबा तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, मी अमरावतीला, आणि आमच्या दोघांचं बोलणं या धड्यावर येऊन अडलं आहे.

बाबांना ऐकू येत नाही. आधी पाखरांचे आवाज गेले, मग बायाबापड्यांचे, मग सगळेच. कानाचं यंत्र घेऊन दिलं, ते त्यांनी चार दिवस लावलं आणि पेटीत ठेवून दिलं. "त्याच्यात मानसाचं कमी अन् पंख्याचं जास्त आयकू येते," म्हणाले. त्याहून सोपा मार्ग त्यांना आधीच सापडलेला होता. आई त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे बघून, सावकाश बोलायची, आणि ते तिच्या ओठांवरून सगळं समजून घ्यायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. कान जात होते त्या काळात रोज आईच्या तोंडाकडे बघून बघून जमलं. बाहेरच्या माणसाला कळायचंही नाही की यांना ऐकू येत नाही, इतकं त्यांचं दोघांचं चालायचं.

आई गेली आणि बाबांचं बोलणं एकदम बंद पडलं. घरात भाऊ आहे, वहिनी आहे, दोघंही जिवाला जीव देणारी. पण भावाला मिशा आहेत, आणि त्या साध्यासुध्या नाहीत. वरचा ओठ आमच्यापैकी कुणीही कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. मी हट्ट धरला म्हणून त्यानं एकदा त्या काढल्या, तर बाबा त्याच्याकडे बघून पोट धरून हसले, "हा कोन आला वं घरात?" त्यानंतर भावानं काही तो प्रयोग पुन्हा केला नाही. वहिनी सासऱ्यासमोर मान खाली घालूनच बोलते. आमच्याकडची रीत आहे, ती तिला मोडवत नाही. मी सांगून पाहिलं, तर "मामाजीच्या तोंडाकडं पाहून कशी बोलू, ताई?" म्हणाली. त्यामुळे घरात दोन माणसं असून बाबांना समजेल असं तोंड एकाचंही नाही.

राहिले मी. माझं बोलणं त्यांना समजतं. बाकी कुणाचे दहातले चार शब्द समजतील, माझे सगळे समजतात.

आई गेल्यावर त्या पावसाळ्यात मी बाबांना अमरावतीला घेऊन आले. त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीत पलंग टाकला, गादी नवी भरून आणली. माझ्या घरात नवरा, कॉलेजात जाणारी दोन मुलं, टीव्ही, मिक्सर, आणि सकाळी सगळ्यांची एकदम निघायची घाई. बाबा बाल्कनीतल्या खुर्चीवर बसायचे. जेवताना आम्ही बोलत असलो की एकेकाच्या तोंडाकडे बघायचे, मग पुढच्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या, आणि थोड्या वेळानं ताटाकडे. आम्ही हसलो की तेही हसायचे. एक महिनाही झाला नसेल, त्यांनी पिशवी भरली. "वावर वाट पाहून राह्यलं," म्हणाले. मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं, आणि कुणी विचारलं की सांगायची, मातीचा माणूस आहे, शहरात जीव रमत नाही. त्यांना परत आणायचं हे मात्र मी मनातून कधीच सोडलं नाही.

ते गेले आणि घर मोठं झालं. मला बाबांची आठवण येते. जे माणूस आहे, जेवतंय, हिंडतंय, ज्याला दसऱ्याला भेटायचंच आहे, त्याची अशी आठवण यावी याचं आधी मला स्वतःलाच हसू यायचं. आता येत नाही. कॉलेजातून येताना भाजीवाल्याच्या अंगात बाबांच्यासारखी, वाळल्या कपाशीच्या, पऱ्हाटीच्या रंगाची जुनी बंडी दिसली तरी माझे पाय थांबतात.

साध्या फोनवर त्यांच्याशी बोलणं शक्य नव्हतं. मी बोलणार, ते "हालो, हालो" करणार, आणि मग स्वतःचं सगळं सांगून फोन ठेवून देणार. म्हणून मी त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. चित्रावर बोलता येतं हे कळल्यावर पहिल्या दिवशी ते इतके जवळ आले की मला नुसता कपाळाचा वरचा भाग दिसत होता. "दिसतं वं, दिसतं!" एवढंच म्हणत होते. मी ओठ हलवून म्हटलं, मागे सरका, तर सरकले. समजलं होतं. मी इकडे रडायला लागले आणि ते तिकडे विचारत होते, काहून रडतं, नेट महाग हाय का.

आता इथे तो धडा येतो. फोनवरचं नेट कमी पडलं की यंत्रणेला काहीतरी सोडून द्यावं लागतं. तेव्हा आधी चित्राचा बळी द्यायचा आणि आवाज वाचवायचा, हे आमच्या शास्त्रात ठरलेलं आहे. आवाज पहिल्या वर्गाचा प्रवासी, चित्र जागा मिळाली तर. आवाज गेला तर बोलणंच संपलं, चित्र गेलं तर काय बिघडतं, असा त्यामागचा विचार. मी स्वतः हे वर्षानुवर्षं शिकवलंय, आणि बरोबरच आहे म्हणून शिकवलंय. बाबांच्या बाबतीत ते नेमकं उलटं होतं. संध्याकाळी गावातले सगळे फोन उघडून बसले की आमचं चित्र थिजायचं, आवाज मात्र खणखणीत पोचत राहायचा. तो गावातल्या सगळ्यांना ऐकू यायचा, ज्यांच्यासाठी होता ते सोडून. "फोटो झाला तुया," बाबा म्हणायचे आणि थांबून राहायचे. मी मनात म्हणायची, अरे, आवाज राहू दे, चित्र येऊ दे. असं सांगायला त्या फोनमध्ये बटण नाही.

त्या काळात मला एक सवय लागली, ती अजून आहे. बाबांशी बोलताना आवाजाची गरजच नाही, हे लक्षात आल्यावर मी आवाज काढणं सोडून दिलं. स्टाफरूमच्या कोपऱ्यात, कॉलेजच्या पायऱ्यांवर, एकदा तर मूर्तिजापूरच्या फलाटावर गाडीची वाट बघताना, मी फोन समोर धरून नुसते ओठ हलवत बसायची. इअरफोनमधून बाबांचा आवाज मात्र दणदणीत. त्यांना स्वतःचं ऐकू येत नाही, त्यामुळे ते या वावरातून त्या वावरात हाक मारावी तसे बोलतात. माझ्या एका सहकारी बाईंनी विचारलं, "जप करता का मॅडम?" मी हो म्हणून टाकलं.

मग मी ठरवलं की बाबांच्या घरावर डिश लावायची. तालुक्याच्या गावी एक माणूस हे काम करतो. त्याचा टॉवर तिथे, आणि आमच्या गावच्या विहाराच्या गच्चीवर त्याचा आणखी एक खांब आहे. त्या खांबावरून आमच्या घराचं छप्पर स्वच्छ दिसतं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुद्दाम गेले. दर्यापूर, अकोट करत बस पोचेपर्यंत अंगाची लाही झाली होती, तरी संध्याकाळी मी त्या माणसाबरोबर शिडीवर उभी होते. डिश बैठकीच्या भिंतीला धरून वर लावली, तार खिडकीतून आत घेतली आणि राऊटर बैठकीतल्या बोर्डाजवळ बसवला. बैठक म्हणजे आमची समोरची खोली. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात थंड, मोकळी. बाबा सगळा उन्हाळा तिथेच खाटेवर असतात. मी फिरून फिरून मोजमाप घेतलं, आणि जागा शोधून काढल्याबद्दल स्वतःवर खूशही झाले.

त्यानंतरचे महिने मी कधी विसरणार नाही. चित्र असं यायचं की बाबांच्या दाढीचे खुंट मोजावेत. रोज दिवेलागणीला ते बैठकीत खाटेवर बसायचे, फोन समोर तांब्याला टेकवून ठेवायचे, आणि मी इकडे खुर्ची ओढून बसायची. मिरगात पेरणी कशी झाली, वहिनीनं भाकर करपवली, विहाराजवळच्या कट्ट्यावर कोण काय बोललं (म्हणजे बाबांना काय बोलल्यासारखं वाटलं), सगळं. ते मला गोष्टी दाखवायला आणायचे. एकदा पऱ्हाटीचं पहिलं फूल आणलं, एकदा शेजाऱ्याची शेळी धरून आणली आणि तिचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरलं. "बोल हिच्याशी," म्हणाले, "हिचे ओठ पाह्य कसे सारखे हालते. पन समजत काई नाई." मी लहानपणीही बाबांशी इतकं बोलले नव्हते. तेव्हा आई मध्ये असायची, आणि बाबा कामात.

वर्गात मी त्या सहामाहीत पहिल्या चित्राची फारच तारीफ केली. मुलं म्हणाली असतील, मॅडमला डिशवाल्यानं काही दिलंय की काय.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी बाबा लागेनात. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"ताई, कापूस घरात आला," ती म्हणाली. "आता त्या खोलीत करंट नाई."

मला आधी हसू आलं, आणि मग संताप. कापूसवाल्याच्या घरात जन्मले, त्या बैठकीत कापसाच्या ढिगावर उड्या मारून मारून मोठी झाले, आणि सगळ्या वऱ्हाडात जे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ते मी विसरले होते. वैशाखात जी खोली मोकळी दिसते ती दिवाळीनंतर कापसाची असते. वेचणीचा कापूस आला की खाट बाहेर, माणसं बाहेर, आणि कापूस आत, पार आढ्यापर्यंत. तो विकला जाईपर्यंत खोली त्याची. तिथे बिडी नाही, दिवा नाही, अगरबत्तीसुद्धा नाही. एक ठिणगी पुरते. बाबा पहिलं ओझं आत पडायच्या आधी त्या खोलीचा फ्यूज स्वतःच्या हातानं काढतात आणि बंडीच्या खिशात ठेवतात. कापसाची गाडी भरून निघाली की मगच तो परत जागेवर जातो. मी लहान असल्यापासून हे दरवर्षी बघितलंय. शिडीवर चढून मी टॉवर बघितला, झाडं बघितली, उंची बघितली. कॅलेंडर तेवढं बघायचं राहिलं.

पुढच्या रविवारी मी वायर, पट्ट्या आणि हातोडी घेऊन गावी गेले. राऊटर काढून सैपाकाच्या खोलीत नेऊ, असा विचार होता. बैठकीचं दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. कापसाचा तो वास आला, उन्हाचा आणि सरकीचा, आणि मी हातोडी घेऊन तिथेच थांबले. राऊटर आत कुठेतरी खोल गाडला गेला होता, आणि तार त्याच भिंतीच्या खिडकीतून यायची. बाबांनी माझ्या हातातली हातोडी बघितली.

"खिया ठोकाचा नाई," ते म्हणाले.

"बाबा, बाहेरूनच ठोकते."

"बाहेरून ठोकला तरी ठिनगी उडतेच. कापूस जाऊ दे, मंग पाह्यू." आणि खिशावर हात मारून म्हणाले, "फूज हाय माह्याजवळ. कुठं जात नाई तुयं नेट."

तरुणपणी त्यांनी कापसासकट घर जळताना बघितलेलं आहे, आणि त्याबद्दल ते बोलत नाहीत. मी हातोडी पिशवीत घातली. त्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर समोरासमोर बसून खूप बोललो, अगदी बस येईपर्यंत. मी सारखी मनात म्हणत होते की यासाठी ना डिश लागली ना फोन.

डिश आल्यावर बंद केलेला मोबाईलचा पॅक मी पुन्हा भरला, आणि तेव्हापासून आम्ही पुन्हा दुसऱ्या चित्रात. फिरत्या माणसाच्या. वेचणी चालू होती तोवर त्याचा एक फायदा झाला. बाबा सकाळी लवकर वावरात जायचे, तिथे दुसराच टॉवर लागतो आणि त्या वेळी त्याच्याखाली बाबांशिवाय कुणी नसतं. विहिरीजवळच्या कडुलिंबाच्या बेचक्यात ते फोन अडकवायचे. मागे सातपुड्याची निळी रेघ, समोर बाबा, डोक्याला रुमाल, तोंडातून वाफ. चित्र काय सुंदर यायचं. पण ती माझी डबे भरायची वेळ, चार वाक्यं झाली की पळावं लागायचं. वेचणी संपली तशी ती सकाळही गेली, आणि उरली संध्याकाळ, घरचा ओटा, आणि सगळ्या गावाची गर्दी.

त्याच दिवसांत मी बाबांना पुन्हा विचारायला लागले. उन्हाळ्यात या, कायमचे या. बाहेरची खोली रंगवून घेते, खिडकीला जाळी लावते. दरवेळी ते मान हलवायचे. "वावर कोन पाहीन?" वावर भाऊ पाहतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मला राग यायचा. अशी कसली ती माती, जिच्यासाठी माणूस घरात मुक्यासारखा राहतो पण लेकीकडे येत नाही. मी तसं एकदा बोललेसुद्धा. नशिबानं त्या क्षणी चित्र अडकलं होतं.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीला मी फोन लावला. बाबा ओट्यावर खाटेवर बसले होते, मागे बैठकीचं बंद दार, फोन नेहमीसारखा तांब्याला टेकवलेला. मी तोच विषय काढला. म्हटलं, बाबा, कापूस गेला की तुम्ही इकडेच या, मी खोली… आणि तेवढ्यात त्यांच्याकडे माझं चित्र थिजलं.

मला त्यांचं चित्र दिसत होतं. हे असं होतं. संध्याकाळी टॉवरवरून खाली येणारी वाट गर्दीनं भरलेली असते, कारण सगळं गाव काही ना काही बघत असतं. खालून वर जाणारी वाट मोकळी असते, कारण वर पाठवण्यासारखं कुणाकडे फारसं काही नसतं. त्यामुळे बाबांचं चित्र माझ्यापर्यंत सुरळीत येत होतं, आणि माझं त्यांच्याकडे तोंड अर्धं उघडं ठेवून थांबलेलं होतं.

"झाला फोटो," बाबा म्हणाले.

मी फोन तोडून पुन्हा लावणारच होते. पण बाबांनी एक केलं. त्यांनी चष्मा काढला, बंडीच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि खाली वाकून पडद्याकडे बघायला लागले. माझ्याकडे नव्हे, माझ्या त्या थांबलेल्या चित्राकडे. बराच वेळ बघितलं. मग बोलायला लागले. त्यांच्या मानानं अगदी हळू, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं.

"केस पांढरे झाले वं तुये," ते म्हणाले. "तोंड उघडं राह्यलं का तुया मायवानी दिसतं. तेही अशीच थांबे, अर्ध्यात. मंग मी म्हनो, बोल नं पुढं."

मी हलले नाही. हलले असते तरी त्यांना दिसणार नव्हतं.

"तू म्हनतं अमरावतीले या. मले काय यावं वाटत नाई? खूब वाटते. पन तिथं आलो का तू दिसत नाई मले. तुयी पाठ दिसते. इकून तिकून जातं, सैपाक करतं, पोराईशी बोलतं, तोंड तिकडं. मी एका घरात राह्यतो अन् तुयं काईच समजत नाई मले." त्यांनी खाटेची दोरी चाचपली. "इथून कशी पुरी समोर बसतं. माह्याकडंच पाह्यतं. तुया मायनंतर असं कोनी बोलत नाई माह्यासंग. म्हनून येत नाई. वावराचं आपलं असंच सांगतो."

वहिनी मागून कंदिलासारखा बॅटरीचा दिवा घेऊन गेली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"हे तुले नाई सांगत मी," ते चित्राला म्हणाले. "तुले वाईट वाटन."

मग त्यांनी खिशातला फ्यूज काढून हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, पुन्हा खिशात ठेवला, आणि नुसते बसून राहिले, चित्र हलायची वाट बघत. मी इकडे तोंडावर हात धरून बसले होते. मला बाल्कनीतली ती खुर्ची दिसत होती, आणि ताटाकडे बघणारे बाबा. मी त्यांच्यासाठी गादी भरली होती, खोली रंगवणार होते, जाळी लावणार होते. समोर बसणं तेवढं कुठल्याच बेतात नव्हतं.

"आली वं?" बाबा एकदम ओरडले. त्यांच्या पडद्यावर मी हललेली असणार. मी घाईनं तोंडावरचा हात काढला.

"आली बाबा."

"काय म्हनत होती तू? खोली का काय?"

"काही नाही," मी ओठ सावकाश हलवत म्हटलं. "जेवलात का, म्हणत होते."

बाबा हसायला लागले. "एवढ्यासाठी तोंड उघडं ठेवून बसली होती? जेवलो, जेवलो."

आतून मुलानं मला हाक मारली, गॅसवर काहीतरी उतू जात होतं. मी हात मागे करून त्याला थांब म्हणून खूण केली, दिवा ओढून माझ्या तोंडावर उजेड पाडला आणि बाबांना विचारलं, भाजी काय होती. त्यांनी सांगितलं. मग मी विचारलं, कुणी केली, तिखट होती का, किती भाकरी खाल्ल्या. मुलानं आणखी दोनदा हाक मारली. मी मान वळवली नाही.